ब्रॉयलरला व्हिटॅमिन: किती, कोणते आणि कोणत्या दिवशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ब्रॉयलरसाठी, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांसाठी, खाद्य तयार घेता, तरी प्रत्येक बॅचला पाण्यातून एडीथ्रीई (जीवनसत्त्व अ, डी३ आणि ई यांचे मिश्रण), बी-कॉम्प्लेक्स आणि लिव्हर टॉनिक चालूच असते. गंबोरो या विषाणूजन्य रोगाच्या लसीनंतर पक्षी दोन-तीन दिवस मलूल राहतात, शेवटी वजन एकसारखे येत नाही. एक जण सांगतो डोस दुप्पट करा, दुसरा सांगतो सगळे बंद करा. व्हिटॅमिनने प्रतिकारशक्ती आणि वजन खरेच वाढते का?

आधी सरळ उत्तर देतो. खाद्यात कमतरता असेल तर दोन्ही सुधारतात, आणि तेही झपाट्याने. कमतरता नसेल तर वजन वाढत नाही. प्रतिकारशक्तीत थोडाफार फरक पडू शकतो, पण तो दोन-तीन ठराविक जीवनसत्त्वांचा आणि बॅचमधल्या मोजक्या दिवसांपुरता. सरसकट 'ताकदीचे' म्हणून जे पाण्यातून जाते, त्यात बहुतेक वेळा नको ते भरमसाट आणि हवे ते चिमूटभर असते. हे मत म्हणून सांगत नाही, लेबलवरच्या आकड्यांतच दिसते.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ साली ब्रॉयलरची किमान गरज छापली. किलो खाद्यामागे जीवनसत्त्व अ १,५०० आययू (जीवनसत्त्वे मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक), डी३ २०० आययू आणि ई १० आययू. पोषणशास्त्रात आजही याच आकड्यांचा दाखला दिला जातो. पण कमतरतेची लक्षणे दिसू नयेत आणि वाढ अडू नये, एवढ्यापुरतेच ते आकडे आहेत. लस, ऊन, गर्दी आणि खाद्याची साठवण यांचा हिशेब त्यात नाही. म्हणून ब्रीड कंपन्यांच्या शिफारशी त्याच्या कितीतरी पट असतात: स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात, किलोमागे अ साधारण १०,००० ते १३,००० आययू, डी३ सुमारे ५,००० आययू, ई ५० ते ८० आययू. म्हणजे बऱ्या कंपनीच्या खाद्यात राखीव साठा आधीच घातलेला असतो. तो पक्ष्यापर्यंत पोहोचतो का, हा वेगळा मुद्दा आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता बाटली हातात घ्या. समजा लेबलवर लिहिले आहे: प्रत्येक मिलिलिटरमध्ये अ १,००,००० आययू, डी३ २०,००० आययू, ई २० मिलिग्रॅम, आणि मात्रा १०० पक्ष्यांना ५ मिलिलिटर. दर पक्ष्याच्या वाट्याला अ ५,००० आययू, डी३ १,००० आययू आणि ई फक्त १ मिलिग्रॅम येते. दहा-अकरा दिवसांचा पक्षी दिवसाला साधारण ५० ग्रॅम खाद्य खातो. त्या खाद्यात किलोमागे अ १२,००० आययू असेल तर खाद्यातून ६०० आययू मिळतात. बाटलीने त्यावर आणखी आठपट चढवले. ई मात्र खाद्यातून (किलोला ५० आययू धरून; ईचे एक आययू म्हणजे साधारण एक मिलिग्रॅम) अडीच मिलिग्रॅम मिळत होते, ते साडेतीन झाले. खाद्याच्या भाषेत सांगायचे तर अ किलोमागे एक लाखाच्या वर गेले. वाढत्या कोंबडीसाठी दीर्घकाळची सुरक्षित मर्यादा १५,००० आययूच्या आसपास मानली जाते.

तीन दिवस दिल्याने पक्षी मरत नाहीत, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण अ हे यकृतात साठते आणि तिथेच ठाण मांडून बसते. अ, डी, ई आणि के ही चारही मेदात विरघळणारी. आतड्यातून शोषली जाताना एकमेकांशी स्पर्धा करतात. अ फार झाले की ई आणि डीचे शोषण घटते. ज्या ईसाठी आपण बाटली उघडली, त्याच्याच वाटेत आपण अ आणून उभे केले. डोस दुप्पट करा म्हणणाऱ्याला हा हिशेब एकदा मांडायला सांगा.

प्रतिकारशक्तीच्या बाबतीत प्रत्येक जीवनसत्त्वाचे काम वेगळे आहे.

अ सांभाळते ते श्वासनलिका, आतडे आणि डोळ्यांचे अस्तर. ते कमी पडले की ओलसर, चिकट असलेले अस्तर कोरडे आणि खरबरीत होते. मेलेल्या पक्ष्याची अन्ननलिका कात्रीने उभी चिरून पाहिली, तर आतल्या बाजूला मोहरीहून बारीक पांढरे फोड ओळीने दिसतात, बोट फिरवले तर हाताला लागतात. अशा पक्ष्यात सर्दी-खोकल्याचे जंतू सहज शिरतात, आतड्यातली आयजीए प्रतिपिंडे घटतात आणि डोळ्यातून-नाकातून दिलेल्या लसीचाही पुरेसा उपयोग होत नाही. तयार खाद्यावरच्या बॅचमध्ये हे चित्र क्वचितच दिसते. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की कोंबड्यांवरच्या प्रयोगांत अ कमी असताना प्रतिकारशक्ती घटली, तशी अ फार जास्त असतानाही घटली.

ई हे पेशींच्या पडद्याचे रक्षक. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात तेव्हा जी दाहक रसायने सोडतात, त्यांत त्या स्वतः होरपळू नयेत हे ई आणि सेलेनियम पाहतात. १९७०च्या दशकात कोंबड्यांवर झालेल्या प्रयोगांत खाद्यातले ई बरेच वाढवल्यावर ई. कोलाय या जिवाणूच्या संसर्गातली मर घटली. तेव्हापासून 'ई म्हणजे प्रतिकारशक्ती' हे समीकरण बाजारात रूढ झाले. पुढच्या कामाने त्याला मर्यादा घातली: ब्रॉयलरमध्ये मात्रा चढवत नेली की फायदा चढत जातोच असे नाही. किलोला २५ ते ५० आययूच्या मध्यम मात्रेवर प्रतिपिंडे चांगली मिळाली आणि त्याहून बऱ्याच जास्त मात्रेवर ती उलट कमी भरली, असेही निकाल आहेत. माझे स्वतःचे मत असे की लसीकरण, ऊन किंवा शेडमध्ये रोगाचा दाब असेल तेव्हा खाद्य-पाणी मिळून ई किलोला १०० आययूच्या आसपास न्यावे. त्यापुढे नेण्याला प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. २०० मिलिग्रॅम वगैरे मात्रा मांसातली चरबी लवकर खवट होऊ नये म्हणून देतात, तो कत्तलखान्याचा विषय झाला.

डी३ म्हणजे हाडे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण रोगजंतू गिळणाऱ्या पेशींवरही डीला धरून घेणारी केंद्रे (रिसेप्टर) असतात, त्यामुळे ते प्रतिकारशक्तीशीही जोडलेले आहे. बंद शेडमधल्या पक्ष्याला ऊन जवळजवळ मिळत नाही, तो पूर्णपणे खाद्यावर अवलंबून. डी२ कोंबडीला जवळपास निरुपयोगी, डी३च्या साधारण दहाव्या भागाएवढे काम करते. म्हणून लेबलवर नुसते 'व्हिटॅमिन डी' असेल तर विचारून घ्या. यकृत बिघडलेल्या बॅचमध्ये साध्या डी३पेक्षा २५-हायड्रॉक्सी डी३ बरे. यकृतात जे रूपांतर व्हायचे ते त्यात आधीच झालेले असते, आणि ते शोषलेही चांगले जाते. पण ते आणि एडीथ्रीई दोन्ही एकाच वेळी चालवू नका. डीचा अतिरेक मूत्रपिंडात कॅल्शियम साठवतो.

सी ब्रॉयलर स्वतःच्या मूत्रपिंडात बनवतो, त्यामुळे एरवी द्यावे लागत नाही. उन्हाळ्यात पक्षी चोच उघडून धापा टाकू लागला की ताणाचे संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, वाढते, बर्सा आणि थायमस हे प्रतिकारशक्तीचे अवयव आक्रसतात, आणि शरीरात बनणारे सी पुरेनासे होते. तेव्हा खाद्यात किलोला २०० ते २५० मिलिग्रॅम सी खरेच उपयोगी पडते, माझ्या पाहण्यात बाटल्यांमधली ही सर्वात वाजवी खरेदी. पाण्यातून द्यायचे तर लिटरमागे मात्रा निम्मी धरा, कारण पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितो आणि उन्हात त्याहूनही जास्त. ते पाण्यात काही तासांत उतरते, म्हणून दुपार चढण्याआधी, तीन-चार तासांत संपेल एवढ्याच पाण्यात मिसळा. संध्याकाळी पक्षी निवल्यावर दिलेले सी वाया जाते.

बी गटाबद्दल फार लिहीत नाही. ही जीवनसत्त्वे वाढीची इंजिने आहेत: खाद्यातल्या ऊर्जेचे आणि प्रथिनांचे मांस करताना प्रत्येक टप्प्यावर लागतात, आणि बी१२ सोडले तर शरीरात फारशी साठत नाहीत. कमतरता पडली की वाढ पहिल्या आठवड्यातच अडते. खाद्यात पुरेशी असतील तर वरून दिलेली लघवीवाटे निघून जातात, शेडमधले लिटर, म्हणजे तळाचा तुसाचा थर, तेवढे ओले होते.

वजनाचा मुद्दा मला इथेच संपवायचा आहे. व्हिटॅमिनमध्ये ऊर्जा नाही, प्रथिने नाहीत. ते अडलेली वाढ मोकळी करते, न अडलेली वाढ पुढे ढकलत नाही. तुमच्याकडे वजन एकसारखे येत नाही हे लक्षण व्हिटॅमिनपेक्षा पहिल्या आठवड्याकडे बोट दाखवते. पिल्ले उतरवल्यावर चोवीस तासांनी शेडच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली पिल्ले उचलून अन्नपिशवी चाचपा. शंभरातल्या पंचाण्णवांची तरी मऊ, भरलेली हवी. सातव्या दिवशीचे वजन पहिल्या दिवसाच्या चार ते साडेचार पट हवे. तिथेच मागे पडलेली पिल्ले कोणत्याही टॉनिकने बरोबरीला येत नाहीत.

आता राखीव साठा गळतो कुठे ते पाहू. व्हिटॅमिनचा खरा फायदा हवा असेल तर बाटलीपेक्षा जास्त वेळ इथे घालवा.

पहिली गळती खाद्य बनवताना आणि साठवताना. तुम्ही तयार खाद्य घेता म्हणून प्रीमिक्स, म्हणजे खाद्यात घालायचे जीवनसत्त्वांचे तयार मिश्रण, तुमच्या हातात नाही, पण स्वतः खाद्य बनवणाऱ्यांसाठी सांगतो: कोलीन क्लोराइड आणि व्हिटॅमिन प्रीमिक्स एकाच डब्यात मिसळून ठेवू नका. कोलीन क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्या ओलाव्यात सल्फेट स्वरूपातली खनिजे जीवनसत्त्वांना खाऊन टाकतात. पोत्यात हात घातल्यावर भुकटी हातातून सुटी पडली पाहिजे. खडे झाले असतील, रंग काळवंडला असेल किंवा वास बदलला असेल, तर लेबलवर काहीही लिहिलेले असो, आत निम्मेही उरले असेल याची खात्री नाही. खाद्याच्या दाबून गोळ्या (पेलेट) करतानाच्या उष्णतेने के आणि साधे सी सर्वात आधी जातात. तयार खाद्याच्या बाबतीत पोत्यावरची तारीख पाहा, पत्र्याखाली तापणाऱ्या जागेत थप्पी लावू नका, आणि महिनाभरापेक्षा जुने खाद्य पिल्लांना घालू नका.

दुसरी गळती तेलातून. खवट तेल किंवा खवट झालेला कोंडा खाद्यात असेल तर तो ईला पोत्यातच जाळतो, आणि उरलेले पक्ष्याच्या शरीरात खर्च होते. याचे टोकाचे चित्र साधारण दोन ते चार आठवड्यांच्या पक्ष्यांत दिसते. पक्षी अचानक तोल जाऊन कुशीवर पडतो, मान मागे खेचली जाते, पाय सायकल मारल्यासारखे चालतात, मधेच थांबतात, पुन्हा सुरू होतात. श्वास मात्र स्वच्छ असतो. मान वळली की लोक लगेच मानमोडी (राणीखेत रोग) ठरवतात आणि पुन्हा लस टोचतात. मानमोडीत धाप, हिरवट विष्ठा आणि झपाट्याने वाढणारी मर असते. ईच्या कमतरतेत कवटी उघडल्यावर मागच्या बाजूचा लहान मेंदू सुजलेला, मऊ पडलेला आणि लाल ठिपक्यांनी भरलेला सापडतो. खात्री मात्र प्रयोगशाळेतूनच करा. मानमोडीची शंका असेल तर वाट पाहत बसायची नसते.

तिसरी गळती बुरशीविषातून, आणि मला वाटते सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. ओलसर मक्यातले अफ्लाटॉक्सिन यकृतावर बसते. पित्त आणि चरबी पचवणारी विकरे कमी पडतात, चरबी पचत नाही आणि चरबीबरोबर अ, डी, ई, के विष्ठेतून बाहेर जातात. शिवाय अफ्लाटॉक्सिन स्वतःच बर्सा लहान करून प्रतिकारशक्ती मोडते. शवविच्छेदनात यकृत पिवळट, ठिसूळ दिसले, विष्ठेत न पचलेले दाणे दिसले, लस व्यवस्थित देऊनही प्रतिपिंडे कमी आली, तर आधी मका बदला आणि टॉक्सिन बाइंडर (बुरशीविष बांधून ठेवणारा खाद्यातला घटक) पाहा. यकृत असे असताना तेलकट स्वरूपातले एडीथ्रीई देऊनही आत शिरत नाही. द्यायचेच असेल तर पाण्यात मिसळणाऱ्या स्वरूपातले द्या. लिव्हर टॉनिकमधल्या कोलीनचा इथे थोडा आधार होतो, मूळ कारण चालू असेल तर तोही टिकत नाही.

चौथी गळती आतड्यातून. रक्ती हगवण उघड दिसली नाही तरी आतून अस्तर सोलत असते आणि अचे शोषण घटवते. याच्या उपचारात एक घोळ नेहमी होतो. अँप्रोलियम हे औषध कॉक्सिडियाला, म्हणजे रक्ती हगवणीच्या परजीवीला, थायमिन म्हणजे बी१ मिळू न देऊन मारते. आपण पाण्यातून अँप्रोलियम देतो आणि त्याच दिवशी पक्ष्याला जोम यावा म्हणून बी-कॉम्प्लेक्सही देतो. औषधाचे काम आपणच मोडतो. अँप्रोलियम संपल्यावर बी-कॉम्प्लेक्स द्या, सोबत नको. त्या काळात अ आणि के मात्र चालते. विशेषतः सल्फाक्विनॉक्झालिन वापरत असाल तर के द्याच, कारण ते औषध रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावते. केचा शोधही असाच लागला: डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी १९२९ च्या सुमारास पिल्लांना चरबीविरहित आहार दिला आणि त्यांच्या त्वचेखाली रक्तस्राव होताना पाहिला. त्याबद्दल त्यांना १९४३ चे नोबेल मिळाले.

कमतरतेची एक खूण मात्र शेडमध्येच ओळखता येते, ती रिबोफ्लेविनची, म्हणजे बी२ची. पिल्लू चालता चालता घोट्यांवर बसते, पंखांनी तोल सावरते. उलटे धरून पाय पाहिले तर बोटे मुठीसारखी आत वळलेली, उघडून सरळ केली तरी सोडताच पुन्हा वळतात. पिल्लाचे डोळे तरतरीत, भूक शाबूत. पहिल्या दोन-तीन दिवसांत बी२ मिळाले तर बहुतेक उभी राहतात. उशीर झाला तर पायाची जाड नस कायमची बिघडते आणि ते पिल्लू काढावेच लागते. एकाच हॅचरीच्या पिल्लांत पहिल्याच आठवड्यात हे दिसले तर आईपक्ष्यांच्या खाद्याची चौकशी करा. पिल्लाची सुरुवातीची शिदोरी तिथूनच येते. ईचेही तसेच आहे. पिल्लाच्या यकृतातला ईचा साठा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झपाट्याने उतरतो, कारण चरबी पचवण्याची यंत्रणा अजून पूर्ण तयार नसते. आणि नेमका त्याच काळात आपण लसीकरण उरकत असतो.

म्हणून तुमच्या बॅचसाठी मी असे सुचवेन. पहिले तीन दिवस पाण्यात मिसळणारे मल्टिव्हिटॅमिन लेबलच्या मात्रेत द्या, जास्त नको. त्यानंतर एडीथ्रीई बंद. गंबोरोच्या लसीच्या दोन दिवस आधी आणि नंतर तीन दिवस फक्त ई द्या, किंवा ई-सेलेनियम. चौदाव्या दिवशी पक्षी साधारण ७० ग्रॅम खातो. खाद्यातल्या ५० वर आणखी ५० चढवायचे तर पक्ष्यामागे साडेतीन मिलिग्रॅम, म्हणजे हजार पक्ष्यांना दिवसाला साडेतीन ग्रॅम शुद्ध ई लागते. बाटलीतले प्रमाण पाहून मिलिलिटर काढा. ई-सेलेनियम वापरत असाल तर मिनरल मिक्सचर त्या दिवसांत देऊ नका. सेलेनियमची गरज आणि विषबाधा यांतले अंतर कमी आहे, दोन्हींकडून गेले तर मोजताही येत नाही.

लसीच्या दिवशी पाण्यात लस आणि दूध पावडर, बस्स. व्हिटॅमिन, आम्ल, क्लोरीन काहीही नाही. क्लोरीन आदल्या दिवसापासून बंद ठेवा. तुमचे पक्षी लसीनंतर मलूल पडतात ते मला फारसे काळजीचे वाटत नाही. तीन-चार दिवस थोडी सुस्ती म्हणजे शरीराने लसीची दखल घेतली. त्या दिवसांत खाणे घटते आणि वाढीची सामग्री प्रतिकाराकडे वळते, वजनाचा थोडा फटका त्यातलाच. पाच दिवसांनंतरही पक्षी उभारी धरत नसतील किंवा शिंका-खुरखुर सुरू झाली तर ते व्हिटॅमिनचे प्रकरण नव्हे. काही पक्षी उघडून बर्सा पाहा, लसीची तारीख आईकडून आलेल्या प्रतिपिंडांशी जुळते का ते पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.

व्हिटॅमिन दिल्यावर त्याच संध्याकाळी निपल लाइन (पक्षी ज्यातून पाणी पितात तो पाइप) स्वच्छ पाण्याने जोरात धुवा. साखर किंवा ग्लिसरीनच्या आधारावर बनवलेली द्रावणे पाइपात बुळबुळीत थर धरतात आणि पुढचे कित्येक दिवस पक्षी ई. कोलायचे पाणी पितात. ज्या शेडमध्ये टॉनिक सर्वात जास्त चालते तिथेच पोटाचे विकार जास्त, असे मी अनेकदा पाहतो, आणि टाकीपेक्षा दोष पाइपाचा निघतो.

आणि हे सगळे माझ्या शब्दावर घेऊ नका. पुढच्या बॅचला शेडच्या मधोमध जाळी लावा, दोन्ही बाजूंना एकाच हॅचरीची, समान वजनाची पिल्ले, तेच खाद्य, वेगळी पाण्याची टाकी. एका बाजूला तुमचे नेहमीचे टॉनिक, दुसऱ्या बाजूला वर सांगितलेला बेत. सातव्या, एकविसाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी प्रत्येक बाजूचे किमान शंभर पक्षी एकेक करून तोला, ढिगाने नको, म्हणजे सरासरीबरोबर वजनातला फरकही कळेल. खाद्याची पोती आणि मर दोन्ही बाजूंची वेगळी लिहा. वजन सारखे आले आणि मरही सारखी असेल तर त्या टॉनिकचे पैसे वाचले. टॉनिकची बाजू ठळक पुढे गेली तर मात्र तुमच्या खाद्यात काहीतरी कमी आहे. तेव्हा खाद्याचा नमुना जीवनसत्त्व अ, ई आणि अफ्लाटॉक्सिनच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवा, आणि त्याच पोत्यातला दुसरा नमुना बंद पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवून द्या. खाद्य कंपनीशी बोलायची वेळ आली तर तो लागेल.